चालण्याचा वेग नाडीला ठरवू द्या: वजन जास्त असणाऱ्यांनी व्यायामाची सुरुवात कशी करावी

वजन उतरवायचं म्हणून उत्साहाने चालायला लागलेली बरीच माणसं पंधरा-वीस दिवसांत घरी बसतात. कुणाचे गुडघे धरतात, कुणाला फार दम लागतो, कुणाला सकाळी उठायचाच कंटाळा येतो. कारणं वेगवेगळी सांगितली जातात, पण थोडं खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते: ही माणसं दुसऱ्याच्या वेगाने चालत होती. कधी सोसायटीतल्या सडपातळ मैत्रिणीबरोबर, कधी मोबाईलमधल्या ॲपच्या तालावर, तर कधी 'ताशी सहा किलोमीटरने चाललं तरच फायदा' असं कुणीतरी ठासून सांगितलं म्हणून.

साठ किलोच्या माणसाने आणि पंच्याण्णव किलोच्या माणसाने एकाच वेगाने चालणं हा एकच व्यायाम नव्हे. दुसऱ्याने पाठीवर पस्तीस किलोचं पोतं घेतलेलं आहे. पहिल्याला जो वेग गप्पा मारत फिरण्याचा, तोच दुसऱ्याच्या हृदयाला चढ चढल्यासारखा वाटू शकतो. म्हणून वजन जास्त असलेल्यांनी किलोमीटर आणि पावलं तूर्त बाजूला ठेवावीत आणि व्यायामाचा जोर नाडीवरून ठरवावा, असं मी आग्रहाने सांगते. नाडी तुमची स्वतःची असते, शेजारणीची नसते.

हा लेख बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ३० च्या पुढे असलेल्या आणि व्यायामाची सवय नसलेल्या प्रौढांसाठी आहे. आपल्याकडे भारतीयांसाठी २५ पासूनच स्थूलपणा धरतात, त्यामुळे २५ ते ३० मधल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. गर्भवतींनी आणि हृदयाचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी मात्र हे आकडे वापरू नयेत. त्यांची मर्यादा डॉक्टरच आखून देतात.

पहिली पायरी: गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढा

व्यायामाआधी डॉक्टरांना भेटा, हे सगळेच सांगतात आणि बहुतेक जण ते टाळतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा जिना चढताना छातीत भरून येणं, यांपैकी काहीही असेल तर टाळू नका. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) लागेल की नाही, हे डॉक्टर ठरवतील. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार स्थूल माणसांत बराच आढळतो आणि त्याचा हृदयावर ताण येतो.

आता गोळ्या. नाडीवरून व्यायाम ठरवण्याच्या पद्धतीला सगळ्यात जास्त फसवतात त्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल, प्रोप्रॅनोलॉल. शेवटी 'लॉल' दिसलं की सावध व्हा. या गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात, व्यायामातही ते फार वर जाऊ देत नाहीत. अशा माणसाने पुढे दिलेल्या गणिताचा आकडा गाठायचा ठरवलं तर तो स्वतःला भलताच दमवून बसेल. काही गोळ्यांत दोन औषधं असतात, त्यामुळे 'मी तर बीपीसाठी फक्त टेल्मिसार्टन घेते' असं समजणाऱ्यांच्या गोळीतही कधी कधी मेटोप्रोलॉल निघतं. आणि प्रोप्रॅनोलॉल केवळ बीपीसाठी देत नाहीत, अर्धशिशीसाठी आणि हात थरथरण्यासाठीही देतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि आयव्हाब्रॅडिन हीसुद्धा ठोके कमी करणारी औषधं. नुसतं टेल्मिसार्टन किंवा अम्लोडिपिन असेल तर ही अडचण येत नाही.

ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. आकड्यांचं गणित सोडून द्या आणि खाली सांगितलेल्या बोलण्याच्या परीक्षेवर चाला. नाडी अनियमित लागत असेल, म्हणजे मधेच ठोका चुकत असेल किंवा ताल अजिबातच धरत नसेल, तर आधी ईसीजी काढून घ्या.

दुसरी पायरी: सकाळची शांत नाडी

सलग तीन दिवस, सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, चहाच्या आधी. गजराने दचकून उठला असाल तर दोन मिनिटं तशाच पडून राहा.

तळहात वर करून हात उशीवर ठेवा. घड्याळ, बांगड्या, मनगटावरचा दोरा वर सरकवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे आलात की एक उभी शीर ताणल्यासारखी लागते. तिच्या आणि बाहेरच्या हाडाच्या मधल्या खोबणीत दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची धडधड जाणवते आणि घोळ होतो. मनगट भरलेलं असलं की नाडी पटकन सापडत नाही. अशा वेळी जोर वाढवण्यापेक्षा मनगट किंचित मागे वाकवा आणि बोटं जरा इकडेतिकडे सरकवून बघा. जास्त दाबलं तर उलट नाडी दबून जाते. तरीही सापडली नाही तर मानेवर, गळ्याच्या घाटीच्या एका बाजूला बघा. पण एकाच बाजूला आणि हलक्या हाताने. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत.

पूर्ण एक मिनिट मोजा. तीन दिवसांची सरासरी काढा. स्थूल आणि व्यायामाची सवय नसलेल्या माणसाची शांत नाडी ८०-८५ असणं नेहमीचंच आहे. ती रोज १०० च्या पुढे येत असेल तर मात्र व्यायामाआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्त कमी असलं की हृदय जोरात पळतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की नुसत्या 'वजनामुळे दम लागतो' या समजुतीखाली ते वर्षानुवर्षं लपून राहतं.

तिसरी पायरी: कमाल ठोक्यांचा अंदाज

जिममधल्या तक्त्यावर हमखास दिसणारं सूत्र म्हणजे २२० वजा वय. ते १९७१ पासून चालत आलेलं आहे आणि खास त्यासाठी केलेल्या एखाद्या अभ्यासातून न येता, हाती असलेल्या वेगवेगळ्या माहितीची सरासरी काढून मांडलेलं आहे. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत मोठा फरक असू शकतो. दहा-बारा ठोके इकडेतिकडे हे तर अगदी नेहमीचं.

१९९३ मध्ये मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल प्रौढांना प्रत्यक्ष ट्रेडमिलवर तपासलं आणि त्यांच्यासाठी वेगळं सूत्र सुचवलं: २०० वजा वयाची निम्मी संख्या. गंमत म्हणजे चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं, १८०. त्यानंतर वाटा फुटतात. साठाव्या वर्षी जुनं सूत्र १६० सांगतं, हे दुसरं १७०. तिशीत उलट घडतं: जुनं १९०, दुसरं १८५. स्थूल माणसासाठी मी हे दुसरं सूत्र वापरते. तेही अंदाजच आहे आणि त्यातही दहा-बारा ठोक्यांची चूक राहतेच, हे विसरायचं नाही. स्ट्रेस टेस्ट झाली असेल आणि त्यात तुम्ही पूर्ण दमेपर्यंत चालला असाल तर रिपोर्टवरचा कमाल आकडा कोणत्याही सूत्रापेक्षा चांगला.

चौथी पायरी: आपली पट्टी काढा

समजा, ४६ वर्षांच्या एक ताई आहेत. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय ३७ च्या आसपास. ठोके कमी करणारी गोळी नाही. सकाळची नाडी ८४.

कमाल ठोके: २०० वजा २३, म्हणजे १७७.
हाताशी असलेले ठोके: १७७ वजा ८४, म्हणजे ९३.

शांत नाडी आणि कमाल नाडी यांच्या मधला हा ९३ चा पल्ला, यालाच राखीव ठोके म्हणू. फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. राखीव ठोक्यांचे ४० ते जेमतेम ६० टक्के म्हणजे मध्यम व्यायाम. ३० ते ४० टक्के म्हणजे हलका. जी टक्केवारी हवी ती काढायची आणि शांत नाडीत मिळवायची.

हलका: ९३ चे ३० टक्के २८, अधिक ८४, म्हणजे ११२. ४० टक्के ३७, अधिक ८४, म्हणजे १२१.
मध्यम: १२१ ते १४० (६० टक्के ५६ होतात).

या ताईंनी पहिले तीन-चार आठवडे ११२ ते १२१ मध्येच राहावं, त्यानंतर हळूहळू १२१ ते १४० च्या पट्टीत जावं. रस्त्यात उभं राहून एवढे आकडे कुणाला आठवणार? म्हणून सरळ चाराने भागून ठेवा. पंधरा सेकंदांत २८ ते ३० ठोके म्हणजे पहिल्या महिन्याची पट्टी, ३० ते ३५ म्हणजे नंतरची. दोन आकड्यांची एक चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमध्ये घालून ठेवली की झालं.

शांत नाडी न धरता नुसत्या २२० वजा वयाच्या टक्केवारीवर चालणारे तक्तेही मिळतात. त्यांत मध्यम व्यायाम कमाल ठोक्यांच्या ६४ टक्क्यांपासून सुरू होतो. या ताईंसाठी तो आकडा १११ येतो. पण त्यांची नाडी आरामातच ८४ आहे; १११ हा त्यांच्यासाठी हलकाच व्यायाम ठरतो. ज्यांची शांत नाडी वरची आहे त्यांना हा फरक लागतो, म्हणून दोन मिनिटं जास्त घालवून राखीव ठोक्यांचंच गणित करा.

पाचवी पायरी: पहिल्या आठवड्यातलं चालणं

एकूण वीस मिनिटं पुरेत. पहिली पाच मिनिटं रमतगमत. मग दहा मिनिटं थोडं नेटाने, आणि शेवटची पाच पुन्हा रमतगमत. रस्ता सपाट हवा. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या किंवा टेकडी पहिल्या महिन्यात नको. चढावर नाडी पाहता पाहता पट्टीबाहेर जाते आणि उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. शाळेचं मैदान, बागेतली फरसबंद वाट किंवा तळ्याकाठचा रस्ता उत्तम.

नेटाने चालायला लागून पाच मिनिटं झाली की थांबा आणि लगेच पंधरा सेकंद मोजा. लगेच म्हणजे खरंच लगेच. थांबल्यावर नाडी भराभर खाली येते. बोटं शोधण्यात अर्धं मिनिट गेलं तर आकडा खोटा. म्हणून नाडी कुठे लागते ते घरीच पाठ करून ठेवा. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला चारचा फरक पडतो, तेवढा चालतो.

आकडा आपल्या पट्टीच्या वर (वरच्या ताईंसाठी ३० च्या पुढे) गेला तर वेग कमी करा. मग तो वेग ताशी तीन किलोमीटर का असेना. वयस्कर माणसं मागून येऊन पुढे निघून जातील, जाऊ द्या. पट्टीच्या खाली (ताईंसाठी २८ च्या खाली) असेल तर हात जरा जास्त हलवा, पावलं थोडी जलद टाका. लांब ढांगा टाकू नका, त्याने टाच जोरात आपटते.

आठवड्यात चार-पाच दिवस असं चाला. दर आठवड्याला मधली नेटाची मिनिटं दोन-तीनने वाढवा. आधी वेळ वाढवायची, जोर नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. १५० वर पोचायला तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही. त्याच शिफारशींत सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकलेली आहे, त्यामुळे सकाळी आठ मिनिटं आणि संध्याकाळी नऊ मिनिटं चाललात तरी ती धरली जातात. गुडघे धरलेल्यांना तर मी असे तुकडे पाडूनच चालायला सांगते.

स्नायूंच्या व्यायामात मात्र नाडीची पट्टी लावू नका, तिथे ती जोर सांगत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, एवढ्याने सुरुवात करा आणि श्वास रोखू नका.

बोलण्याची परीक्षा

नाडीच्या आकड्याबरोबर ही परीक्षा रोज घ्यायची. बीटा ब्लॉकरवाल्यांसाठी तर हीच मुख्य. चालता चालता एक-दोन पूर्ण वाक्यं बोलून बघा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. आरामात अभंग गाता आला तर हलका. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोर जास्त झाला.

स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी कष्टाच्या जाणिवेची ६ ते २० ची मोजपट्टी बनवली. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे आता याहून शक्यच नाही. मध्यम व्यायामात १२-१३ असं वाटायला हवं, म्हणजे जरा जड जातंय पण चालू ठेवता येईल. नाडी पट्टीत आहे आणि कष्ट मात्र १६ चे वाटतायत, असं झालं तर कष्टाचं ऐका, नाडीचं नको. सूत्राचा अंदाज तुमच्या बाबतीत चुकलेला असू शकतो.

घड्याळ काय सांगतं

मनगटावरचं स्मार्टवॉच हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताच्या लाटा मोजतं. पट्टा सैल असेल, घाम असेल, त्या जागी गोंदवलेलं असेल तर ते चुकतं. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधा.

एक चूक मात्र फार फसवी असते. कधी कधी घड्याळ नाडीऐवजी तुमच्या पावलांचा ताल पकडतं. नेटाने चालताना पावलं मिनिटाला ११० ते १२० पडतात, आणि हाच तर वरच्या ताईंच्या पट्टीतला आकडा! घड्याळावर ११८ बघून समाधान वाटतं, आणि खरी नाडी असते १३८. म्हणून पहिल्या महिन्यात रोज एकदा थांबून बोटांनी मोजा आणि घड्याळाशी ताडून बघा. दहापेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर घड्याळावर विसंबू नका. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, तो जास्त भरवशाचा. पण भरलेल्या अंगावर तो खाली सरकतो, त्यामुळे बांधून दोन मिनिटं चालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

ट्रेडमिलवर 'फॅट बर्न' असं लिहिलेली पट्टी दिसते, तिच्या मागे लागू नका. हलक्या व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेत चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं, पण एकूण ऊर्जाच कमी खर्च होते. पहिल्या महिन्यात मी हलकी पट्टी सांगते ती सांधे आणि सवय सांभाळायला. वजन उतरण्याचा मोठा भाग तसाही ताटावर ठरतो.

ऊन, चहा, पाणी

त्याच वेगाला नाडी रोज सारखी येणार नाही. नागपूरचा मे महिना किंवा कोकणातला दमट ऑक्टोबर असला की शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जादा काम पडतं आणि ठोके वाढतात. अपुरी झोप, ताप, नुकताच घेतलेला कडक चहा, निर्जळी उपवास यांनीही तेच होतं. अशा दिवशी पट्टी बदलायची नाही, वेग कमी करायचा. ताप असेल तर चालायला जाऊच नका.

तरणतलावात छातीभर पाण्यात चालत असाल तर उलट होतं: त्याच कष्टाला ठोके कमी पडतात. तिथे पट्टीतून साधारण दहा वजा करा. गुडघे फार दुखणाऱ्यांसाठी पाण्यातलं चालणं फार चांगलं आहे. सायकलवर मांड्या आधी भरून येतात आणि नाडी मागे राहते, त्यामुळे तिथे आकडा गाठायचा हट्ट नको.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवूनच बाहेर पडावं. साखर उतरली की छातीत धडधडतं, हात कापतात, घाम फुटतो. बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि कंप जाणवत नाहीत, घाम मात्र फुटतो. म्हणून अचानक सुटलेला गार घाम आणि भोवळ यांच्याकडे दुर्लक्ष नको. घरी आल्यावर तळपायांना जखम किंवा फोड नाही ना, हे बघायचीही सवय लावा.

इथे थांबायचंच

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरणं, चक्कर, गार घाम, मळमळ, अचानक अनियमित झालेली धडधड, थांबल्यावरही न बसणारी धाप. यांपैकी काहीही झालं तर जागच्या जागी बसा आणि सोबतच्याला सांगा. बायकांमध्ये छातीत न दुखताही नुसता विलक्षण थकवा आणि मळमळ ही लक्षणं असू शकतात. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवेपर्यंत पुन्हा चालायला जायचं नाही. 'गॅस झाला असेल' म्हणून लिंबूसोडा पिऊन घरी चालत जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दर महिन्याला नवी पट्टी

एक साधी वही करा. तारीख, सकाळची नाडी, किती मिनिटं चाललात, मधल्या थांब्याला किती ठोके, कष्ट किती वाटले. शेवटी थांबल्यानंतर एका मिनिटाने पुन्हा मोजून तोही आकडा लिहा. आठवडे जातील तशी नाडी जास्त लवकर खाली यायला लागते. काट्यावर वजन हललेलं दिसत नाही, अशा आठवड्यांत हा रकाना फार धीर देतो.

महिन्यातून एकदा सकाळची नाडी पुन्हा तीन दिवस मोजा. समजा, वरच्या ताईंची ती ८४ वरून ७८ वर आली. आता राखीव ठोके ९९, मध्यम पट्टी ११८ ते १३७. पट्टी खाली आली म्हणून व्यायाम सोपा झाला असं नाही. त्याच १२५ ठोक्यांना त्या आता पूर्वीपेक्षा लांब पोचतात. महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर, त्याच नाडीला वीस मिनिटांत किती अंतर गेलात ते मोजून ठेवा.

बीपीची किंवा थायरॉइडची गोळी बदलली, तिचा डोस वाढला किंवा कमी झाला, तर महिन्याची वाट बघू नका. नवी गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाले की सकाळची नाडी घ्या आणि सगळं गणित पुन्हा मांडा. नव्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'लॉल' असेल तर कव्हरमधली चिठ्ठी काढून टाका आणि बोलण्याच्या परीक्षेवर या.